धरतो, पण सोडत नाही

दोन हजार बावीस साल. दसरा झाला होता आणि पाऊस अजून गेला नव्हता. तिथून सुरुवात.

बेंगळुरात, चामराजपेटेत आमचं दोरखंडाचं दुकान आहे. आजोबांनी घातलेलं. दोरी कापली की तुकडे उरतात. ते कोणी विकत घेत नाही आणि आपल्याला फेकवत नाहीत. कोपऱ्यात ढीग होतो. गाडीच्या ब्रेकचे किस्से असेच साठलेत. संध्याकाळी दुकानात कोणी बसायला आलं की एक तुकडा ओढतो, त्याला अडकून दुसरा येतो. आज सगळेच काढतो. कोपरा मोकळा होईल.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं आयुष्य दुकानाचा टेम्पो चालवला. मग आदल्या वर्षीच्या युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, नवी कोरी गाडी घेतली. पांढरी. आमच्या घराण्यातली पहिली कार. मुलगी मीना महादेवपुऱ्याला दिलेली. तिला आणायला, सोडायला, पुढे नातवंडाला फिरवायला म्हणून घेतली. दोन वर्षांची वॉरंटी. सीटवरचं प्लास्टिक मी काढलं नाही.

समोर मंजण्णाचं केळीच्या पानांचं दुकान. त्याची एक लगेज ऑटो आहे. तीन चाकं, पुढे ड्रायव्हर, मागे उघडा हौदा. तिचा मूळ रंग कोणता, हे त्यालाही सांगता येणार नाही. तो रोज माझ्या गाडीकडे बघून कन्नडमध्ये विचारायचा, "रावरे, प्लास्टिक कधी काढणार? गाडी आहे की मिठाईचा डबा?"

रावरे म्हणजे रावसाहेब. ते मी.

आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्या गल्लीत वाहनं ओळीने उभी करून पूजा करतात. माझी गाडी आणि त्याची ऑटो शेजारी शेजारी. माझी बायको सुशीला कामाला हात घालते तो पुरता. तिने कुंकू तेलात कालवलं आणि चाकाच्या जाळीतून बोट घालून आतल्या भागांनाही लावलं. चारही चाकं.

मंजण्णा म्हणाला, "अक्का, इंजिनच्या पोटातही लावा. ते का उपाशी?"

तिने बॉनेट उघडायला लावलं.

*

आठवड्याभरात मीनाच्या मुलीचं बारसं आलं. आमच्यात पहिला पाळणा आजोळहून जातो. तो पोचल्याशिवाय नाव ठेवत नाहीत. मी सागवानी पाळणा करून घेतला, टपावर ठेवला, आमच्याच दुकानाच्या दोरीने बांधला आणि दोघं निघालो.

जुन्या मद्रास रोडला गर्दी लागली. थांब, चाल, थांब, चाल. गाडी डावीकडे ओढायला लागली. मग वास आला. सुशीला म्हणाली, "कोणाचं तरी दूध करपलंय."

दूध नव्हतं. पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता.

प्रकार असा असतो. चाकाबरोबर आत एक लोखंडी थाळी फिरते. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा भाग तिला चिमट्यासारखा पकडतो. पाय उचलला की त्याने सोडायचं असतं. आमचा पकडूनच बसला होता. गाडी जागची हलेना.

नवी कोरी गाडी, टपावर पाळणा, रस्त्याच्या कडेला धूर काढत उभी. लोक बघत होते. मी काचा वर केल्या. बाहेर उभा होतो, तरी केल्या.

तेवढ्यात समोरून, होसकोटेहून पानं भरून, मंजण्णाची ऑटो आली. त्याने बघितलं. पुढे गेला. वळून परत आला.

पाळणा उतरवला, पानांवर ठेवला. सुशीलाला पुढे बसवलं. मला म्हणाला, "रावरे, तुम्ही मागे. पाळणा धरायला माणूस पाहिजे."

मी केळीच्या पानांवर बसून, पाळण्याला धरून, मुलीच्या सासरी गेलो. अंगावर धोतर, कोट आणि टोपी.

मीनाच्या बिल्डिंगला मोठं गेट. तिथल्या रखवालदाराने आम्हाला बघितलं आणि हात आडवा केला. "डेलिव्हरी मागच्या गेटने."

मी सांगणार होतो मी कोण ते. त्याआधी मंजण्णा म्हणाला, "सरी सरी, तोट्टिलु डेलिव्हरी." सरी म्हणजे बरं, तोट्टिलु म्हणजे पाळणा.

रखवालदाराने तसंच आत कळवलं. नातीच्या बारशाला आजोबा मागच्या गेटने, मालाबरोबर गेले.

नाव ओवी ठेवलं. मंजण्णाला ते 'हूवी' ऐकू आलं. कन्नडमध्ये हूवु म्हणजे फूल. तो म्हणाला, बरं ठेवलंत. जेवायला थांबला नाही, पानं सुकत होती. मी काही द्यायला लागलो तर हात मागे घेतला. "बिडी रावरे, मुंदे नोडोणा." राहू द्या, पुढे बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. मंजण्णा समोरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला, "रावरे, तोट्टिलु हेगिदे?" पाळणा कसा आहे?

तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. मी आजवर कोणाचे उपकार अंगावर ठेवले नाहीत. हे तर सकाळी नळाला पाणी यावं तसे रोज यायला लागले.

आणि मीनाने फोनवर सांगितलं, "बाबा, ते चाक नीट होईपर्यंत ओवी तुमच्या गाडीत बसणार नाही. राग मानू नका."

राग मानला नाही. पण गाडी घेतली होती कशासाठी?

*

चाक थंड झाल्यावर गाडी रस्त्यावरून आणली होती. ती घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर एक मुलगी होती, कन्नड बोलणारी. कंप्लेंट काय, म्हणाली.

आपण मराठीत म्हणतो, ब्रेक धरतो. मी त्याचं सरळ कन्नड केलं. "ब्रेक हिडियुत्ते."

ती म्हणाली, "हिडिबेकल्वा सार?" धरायलाच पाहिजे ना, सर?

"तसं नाही. फार धरतो."

"तुंबा ओळ्ळेदु," म्हणाली. फार चांगलं. आणि हसून टाइप केलं.

गाडी धुऊन, पुसून, आत वासाची बाटली लावून परत मिळाली. पुढच्या आठवड्यात मला फोन आला. गाडीच्या ब्रेकबद्दल समाधान व्यक्त केल्याबद्दल कंपनी माझी आभारी होती.

*

आमचे जावई अमित पुण्याचे. कॉम्प्युटरमध्ये आहेत. स्वभावाने चांगले. ते म्हणाले, "बाबा, ॲक्च्युअली हा सेन्सरचा इश्यू असू शकतो. मी एक डिव्हाइस मागवलंय."

रविवारी ते डिव्हाइस घेऊन आले. गाडीत खोचलं, फोनला जोडलं. ते, मी आणि सुशीला चक्कर मारायला निघालो. अमित फोनकडे बघत होते. फोनवर हिरव्या खुणा.

गांधी बाजार येईपर्यंत वास सुरू झाला.

अमित म्हणाले, "आई, काळजी करू नका. फोन म्हणतोय सगळं ओके आहे."

सुशीला म्हणाली, "मग फोनला जरा खिडकीबाहेर धरा. वास घेऊ दे त्याला."

अमितनी डिव्हाइस काढून खिशात ठेवलं. हसले मात्र सगळ्यांत जास्त तेच.

*

पुन्हा सर्व्हिस सेंटर. या वेळी काउंटरवर एक नवा मुलगा.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्यासाठी बेंगळुरात मराठी ही घरातली भाषा आहे, पण बाजारात तिचा मोठा उपयोग. दुकानदारासमोर उभं राहून त्याच्याच मालाबद्दल आपसात काहीही बोलावं, त्याला कळत नाही. आमच्या तीन पिढ्यांनी ही सोय वापरली.

मी त्या मुलाकडे बघितलं आणि सुशीलाला म्हणालो, "याचे केस बघ. डोक्याला एवढं तेल थापतोय. त्यातलं थेंबभर गाडीला घातलं असतं तर आपल्याला फेरी पडली नसती."

मुलगा मान वर न करता म्हणाला, "तेल नाही काका, जेल आहे."

नागपूरचा निघाला. नाव नितीन.

सुशीलाने पिशवीतून चकली काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती खाल्ली आणि म्हणाला, "काका, टेन्शन कायले घेता? मी स्वतः बघून राहिलो ना."

त्याने गाडी वर चढवली, चाक काढलं, बॅटरी मारली आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, गाडी पाण्यात गेली होती का? सप्टेंबरच्या पावसात महादेवपुऱ्याकडे लई गाड्या बुडल्या."

"नाही."

"मग हे बघा. कॅलिपरवर सगळा लाल गंज. पाण्यात गेलेल्या गाडीला वॉरंटी नाही मिळत. मी काही नाही करू शकत."

मी वाकून बघायला लागलो, पण सुशीला माझ्या आधी पुढे झाली. तिने त्या लालावर बोट फिरवलं. वळली, आणि नितीनच्या कपाळावर टिळा लावला.

नितीनने काचेत बघितलं. बोटाने टिपून वास घेतला. म्हणाला, "काकू, सौभाग्यवती आहे गाडी."

त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत टिळा लावूनच काउंटरवर बसला होता, असं तिथल्या वॉचमनने मला नंतर सांगितलं.

*

गंज नाही हे ठरलं. पण दुखणं दिसेना. नितीन चाक हाताने फिरवायचा, ते गरगर फिरायचं. सेंटरच्या मागच्या रस्त्यावर चक्कर मारायचा, काही नाही. आमचं चाक गर्दीत थांबत थांबत चाललं तरच तापायचं, आणि सेंटरला पोचून नंबर लागेपर्यंत थंड व्हायचं.

मी म्हणालो, "ट्रॅफिकमध्ये चल. दाखवतो."

नितीनला वेळ मिळाला तो दिवाळीत. गाडीत मी, नितीन, आणि मागे सुशीला. मी चालवत होतो.

सारं शहर गावाला गेलेलं. जुन्या मद्रास रोडला गेलो, रस्ता मोकळा. रिंग रोडला गेलो, मोकळा. एरवी सिग्नलला लोक म्हातारे होतात तिथे हिरवा दिवा आमची वाट बघत होता. नितीन हताश झाला. "काका, या शहरात येऊन मला दोन वर्षं झाली. आज पहिल्यांदा ट्रॅफिक पाहिजे, तर भेटून नाही राहिला."

चौकात ट्रॅफिक पोलीस उभा होता. मी गाडी थांबवून विचारलं, "इथे जवळपास जाम कुठे मिळेल?"

त्याने मला नीट बघून घेतलं. वयाकडे बघून सोडून दिलं. म्हणाला, "कोरमंगलाला जा. नवीन हॉटेल उघडतंय."

खरंच होतं. कोरमंगलाला ही गर्दी. दुचाक्या, ऑटो, जेवण पोचवणारी पोरं, सगळे भोंगे वाजवत एकमेकांना शिव्या देत होते. नितीनने टाळी वाजवली. "काका, लागला, जाम लागला." शेजारच्या कॅबवाल्याने आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हाला वेड्यांच्या दवाखान्यात नेत असावेत.

अर्धा तास थांब, चाल केलं आणि एका गल्लीत गाडी लावली. नितीन वाकून चाकाजवळ हात नेऊ लागला.

"हात भाजेल. बाजूला हो," सुशीला म्हणाली. तिने बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं. डोसा घालायच्या आधी तवा तापलाय का बघायला पाणी शिंपडतो, तसं एकेका चाकावर बोटांनी शिंपडलं. मागचं उजवं, गप्प. मागचं डावं, गप्प. पुढचं उजवं, गप्प. पुढचं डावं, चर्रर्र.

"घाल आता डोसा," ती म्हणाली.

नितीनने पुन्हा शिंपडायला लावलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला. नंतर त्यांच्या सेंटरमध्ये या तपासणीला डोसा टेस्ट म्हणायला लागले.

*

आता कंपनीकडून मंजुरी आणायची. नितीन कॉम्प्युटरसमोर बसला. "काका, काय लिहू?"

"ब्रेक धरतो."

त्याने इंग्रजीत लिहिलं आणि वाचून अर्थ सांगितला. "काका, हे थोडं दुसरं वाटते. दुसऱ्या शब्दात लिहू का?"

मी म्हणालो, "शब्द माझा आहे. बदलायचा नाही."

कंपनीचं उत्तर आलं. धरणं हे ब्रेकचं कामच आहे. शिवाय ग्राहकाने याआधी त्याबद्दल समाधान कळवलेलं आहे.

मी पुन्हा तेच लिहायला लावलं. पुन्हा तेच उत्तर. असा हिवाळा गेला. वॉरंटी युगादीला संपणार होती. ओवी पालथी पडायला लागली, बसायला लागली. मी बसने जाऊन तिला बघून यायचो. गाडी गल्लीत उभी असायची, प्लास्टिकसकट. मंजण्णा तिच्याजवळून जाताना तिच्या टपावर थाप मारायचा आणि मला विचारायचा, "तोट्टिलु हेगिदे?"

युगादी तोंडावर आली तेव्हा सुशीला माझ्याबरोबर सेंटरला आली. मी नितीनला सांगायला सुरुवात केली, "लिही. ब्रेक धरतो..."

"अहो, थांबा," ती म्हणाली. "नितीन, धरतो ते लिहू नकोस. सोडत नाही ते लिही."

नितीनची बोटं थांबली.

"एकदा धरलं की सोडत नाही," ती म्हणाली. "यांच्यासारखा."

नितीनने फक्त पहिलं वाक्य लिहिलं. बरोबर डोसा टेस्टचा व्हिडिओ जोडला. मंजुरी त्याच दुपारी आली.

जुना कॅलिपर उघडला तेव्हा मी उभा होतो. तो ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्या पार कोरड्या. कारखान्यात ग्रीस घालायचं राहूनच गेलं होतं. नितीनने एक पिन माझ्या हातात दिली. "बघा काका. यात तर जेलसुद्धा नाही."

नवा कॅलिपर बसला. ब्रेकचे पॅड झिजायची वस्तू आहे, ते वॉरंटीत येत नाहीत, असं तिथले मोठे साहेब सांगायला आले. मी म्हणालो, "ते आपोआप झिजले का?" साहेबांनी नितीनकडे बघितलं. नितीन म्हणाला, "साहेब, देऊन टाका. हे सोडत नाहीत."

पॅडही बसले.

*

युगादीच्या दिवशी मीना, अमित, ओवी घरी आले. मी त्यांना आणायला गेलो होतो. गेटवर मीनाने आधी गाडी अर्धा तास त्यांच्या ट्रॅफिकमध्ये फिरवून आणायला लावली. मग खाली आली, हातात फुलपात्र. चारही चाकांवर स्वतः पाणी शिंपडलं. कान लावून ऐकलं. चारही गप्प.

तिने ओवीला मागच्या सीटवर बसवलं. ओवीने दोन्ही हातांनी प्लास्टिक धरलं आणि चर्रकन फाडलं. पोरीचा जोर बघा. उरलेलं मी काढून टाकलं.

घरी पोचलो तर गल्लीत मंजण्णाची ऑटो आडवी उभी. मागचा आस मोडलेला, चाक बाहेर आलेलं. हौद्यात पानांचे गठ्ठे. सणाचा दिवस, कोणाची गाडी रिकामी नाही. जवळच्या छत्रात, म्हणजे मंगल कार्यालयात, साखरपुड्याचं जेवण होतं. माणसं पंगतीला बसली होती, वाढपी भात घेऊन उभे होते आणि समोर पानं नव्हती. मंजण्णाच्या फोनवर फोन येत होते. तो उचलत नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली.

मी गाडी त्याच्या ऑटोला लावली. डिकी उघडली. अमितना म्हणालो, "धरा."

ते गठ्ठे द्यायला लागले, मी रचायला लागलो. डिकी भरली. मागची सीट भरली. प्लास्टिक नव्हतं, ओल्या पानांचं पाणी सीटवर निथळलं. निथळू दे. उरलेले गठ्ठे टपावर चढवले, दुकानातून दोरी आणून बांधले. ओवीने आईच्या कडेवरून एक पान ओढलं. ते तिला राहू दिलं. मंजण्णाला हाताने खूण केली. तो पुढे बसला, मांडीवर एक गठ्ठा घेऊन. रस्ताभर ब्रेक धरत होता आणि सोडत होता.

छत्राच्या दारात रखवालदार. त्याने पांढरी गाडी बघितली, टपावरची पानं बघितली आणि हात आडवा केला. "डेलिव्हरी मागच्या गेटने."

मंजण्णा तोंड उघडत होता.

मी काच खाली केली. म्हणालो, "सरी सरी. बाळे एले डेलिव्हरी." केळीची पानं.

आणि मागच्या गेटने गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. मंजण्णा समोर आपल्या पायरीवर पाणी मारत होता. गल्ली जागी झाली होती. त्याने मान वर केली.

मी विचारलं, "मंजण्णा, एले हेगित्तु?"

म्हणजे, पानं कशी होती?

तो म्हणाला, "चेन्नागित्तु, रावरे." छान होती. आणि पाणी मारायला लागला.